गोमंतकांतील दुमत

चंदगड तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आहे. तेथें पडणाऱ्या पावसाच्या वांटा दोन. ताम्रपर्णी आणि घटप्रभा यांचें पाणी पूर्वेकडे वळून अखेर कृष्णेला मिळतें. तिलारीचें पाणी मात्र घांट उतरून दोडामार्गाकडे जातें आणि पुढें शापोरा हें नांव घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रांत शिरतें. चंदगडचें ग्रामदैवत रवळनाथ. घांटाखालीं कोंकणांत आणि गोव्यांतही रवळनाथाचीं देवळें अनेक गांवांत आहेत. चंदगडच्या बोलींत मराठी, कोंकणी आणि कानडी या तिहींची मिसळ कानाला सहज जाणवते. घांटावरचा माणूस आणि घांटाखालचा माणूस हे एकमेकांना परके कधींच नव्हते. तरीही १५ ऑगस्ट १९४७ रोजीं वर तिरंगा चढला आणि खालीं पोर्तुगालचें निशाण पुढें चौदा वर्षें फडकत राहिलें.

घांटावरून पाहणाऱ्याला हा प्रकार चमत्कारिक वाटावा हें साहजिक होतें. गोव्यांतील लोक एकमुखानें ‘चालते व्हा’ असें कां म्हणत नाहींत? याचीं दोन उत्तरें त्या काळीं हटकून दिलीं जात. एक, सालाझारच्या पोलिसांची भीति. दुसरें, ख्रिस्ती प्रजेची पोर्तुगालवरील प्रीति. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरीं आहेत. भीतीनें माणूस गप्प बसतो. गोव्यांतील कित्येक माणसें गप्प बसलेलीं नव्हतीं, तीं बोलत होतीं आणि निरनिराळें बोलत होतीं. कोणी पोर्तुगालच्या छत्राखालींच स्वायत्तता मागत होतें, कोणी हिंदुस्थानांत सामील होऊं पाहत होतें, कोणाला आहे तेंच बरें वाटत होतें. प्रीतीचें म्हणावें, तर पोर्तुगीजांविरुद्ध अत्यंत कडक लेखणी चालविणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे ख्रिस्तीच होते. तेव्हां धर्म आणि धाक यांच्या खालीं आणखी एखादा प्रश्न दडलेला असला पाहिजे. तो असा कीं, पोर्तुगीज गेले तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसणार? ज्याला या प्रश्नाचें जें उत्तर दिसलें, त्याप्रमाणें त्याचें मत बनलें.

गोवा हें एका दिवसांत पोर्तुगीजांच्या हातीं गेलेलें राज्य नव्हे. १५१० सालीं आफोंसो द आल्बुकर्क यानें विजापूरच्या आदिलशहाकडून तिसवाडी घेतली. बारदेश आणि साष्टी हे महाल १५४३ सालीं आले. या तीन महालांना जुनी काबिजाद म्हणतात. पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगें, केपें, काणकोण हा त्यांच्या भोंवतालचा प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हळूहळू मिळत गेला; १७८८ सालीं पेडणें आलें आणि नवी काबिजाद पुरी झाली. या दोन भागांत अडीचशें वर्षांचें अंतर आहे, आणि तें अंतर केवळ पंचांगांतील नव्हे. जुन्या काबिजादींत देवळें पाडलीं गेलीं, गांवेंच्या गांवें ख्रिस्ती झालीं, १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल बसला. मंगेशी, शांतादुर्गा हीं दैवतें याच धामधुमींत नदीपार अंत्रूज महालांत नेलीं गेलीं. पण पोर्तुगीज जेव्हां त्या नदीपारच्या मुलुखांत पोंचले, तेव्हां त्यांचा पहिला आवेश ओसरला होता. रयतेच्या धर्मांत आणि रीतिरिवाजांत हात घालणार नाहीं, असें वचन देऊन त्यांनीं नवे महाल घेतले. साष्टीतल्या घराला पोर्तुगीज अंमल चारशें वर्षांचा होता, तर पेडण्यांतल्या घराला तो पावणेदोनशें वर्षांचाही नव्हता. एकाच सत्तेची ओळख दोघांना इतक्या भिन्न तऱ्हेनें झाली होती.

या सगळ्यांत वसाहतवाले म्हणावेत असे लोक मूठभरच होते. आल्बुकर्कनें आपल्या शिपायांना येथील स्त्रियांशीं लग्नें करून स्थायिक होण्यास उत्तेजन दिलें. त्या आणि मागून आलेल्या पोर्तुगीजांच्या वंशजांना ‘देसेंदेंत’ म्हणत. लष्करांतील अधिकाराच्या जागा हा त्यांचा जणु पिढीजात वतनासारखा हक्क होता. पोर्तुगालशीं त्यांचें रक्ताचें नातें. त्यांच्याइतकी राजनिष्ठ प्रजा दुसरी नसावी, असें कोणालाही वाटेल. त्यांची ही निष्ठा १८३५ सालीं कसोटीला लागली.

त्याची हकीकत अशी. पोर्तुगालमध्यें १८२० सालीं उदारमतवाद्यांची क्रांति झाली आणि वसाहतींनाही लिस्बनच्या लोकसभेंत प्रतिनिधि पाठविण्याचा हक्क मिळाला. १८२२ सालच्या निवडणुकींत गोव्यानें जे प्रतिनिधि निवडले, त्यांत बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हा अस्सल गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थ होता. पोर्तुगालमधील यादवी संपून उदारमतवाद्यांची पुन्हां सरशी झाल्यावर सरकारनें त्यालाच गोव्याचा प्रीफेक्ट, म्हणजे मुलकी कारभाराचा मुख्य, नेमलें. जानेवारी १८३५ मध्यें तो पणजीस येऊन अधिकारावर बसला. राजाच्या हुकुमानें आलेला, राजाच्या धर्माचा, राजाची भाषा बोलणारा हा अधिकारी. दोष एवढाच कीं त्याचा वर्ण काळा. त्याचा अधिकार तीन आठवडेही टिकला नाहीं. १ फेब्रुवारीस लष्करानें बंड केलें, त्याला पदच्युत करून गलबतावर चढविलें आणि मुंबईस धाडून दिलें. त्याच्या पक्षपात्यांनीं पुन्हां उचल खाल्ली, तेव्हां मे महिन्यांत गास्पार दियशच्या किल्ल्यांत त्यांची कत्तल झाली. पेरिश द सिल्वा पुढें दमणास राहून आपणच कायदेशीर प्रीफेक्ट असल्याचें सांगत राहिला. पणजीस मात्र त्याला परत जातां आलें नाहीं.

या प्रसंगाचें महत्त्व सामान्यतः ओळखलें जात नाहीं. पोर्तुगालचा हुकूम मोडला कोणीं, तर पोर्तुगीजांच्याच वंशजांनीं. आणि तो पाळावा म्हणून प्राण दिले येथील लोकांनीं. देसेंदेंतांना स्वातंत्र्य नको होतें आणि पोर्तुगालची आज्ञाही नको होती. त्यांना हवा होता तो आपला वरचढपणा. जोंवर लिस्बन तो राखीत होतें, तोंवर लिस्बन पूज्य. पुढें १८७१ सालीं सरकारनें गोव्यांतील जुनें सैन्यच मोडून टाकलें, आणि त्याबरोबर या वर्गाचा पोटापाण्याचा आधार व तोरा दोन्ही गेले.

येथें अमेरिकेची आठवण होते. १७७६ सालीं तेरा वसाहतींनीं इंग्लंडशीं नातें तोडलें तें सर्वांच्या संमतीनें तोडलें, अशी शाळेंतल्या पुस्तकांवरून समजूत होते. वस्तुस्थिति तशी नव्हती. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. तो अखेरपर्यंत राजाच्या बाजूस राहिला आणि बापलेकांचें पुन्हां कधीं जुळलें नाहीं. राजनिष्ठांत बडे अंमलदार आणि व्यापारी होते हें खरें. पण कॅरोलिनाच्या अंतर्भागांतले गरीब शेतकरीही त्यांत होते. त्यांना लंडनच्या राजापेक्षां किनाऱ्यावरच्या जमीनदारांचा जाच जवळून माहीत होता. व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरानें १७७५ सालीं बंडखोर मालकांना सोडून आपल्याकडे येणाऱ्या गुलामांना मुक्ति देऊं केली, तेव्हां शेंकडों निग्रो त्याच्या निशाणाखालीं गेले. स्वातंत्र्यासाठीं लढणाऱ्या मालकाचा गुलाम राजाकडे धांवतो, यांत विसंगति कांहींच नाहीं. आपल्या मानेवरचें जूं कोणाच्या हातचें आहे, हें ज्याचें त्याला चांगलें कळतें.

अमेरिकनांची मुख्य तक्रार अशी होती कीं, पार्लमेंटांत आमचा माणूस नाहीं, मग आमच्यावर कर कां? गोव्याच्या सुशिक्षितांपाशीं ही तक्रारच नव्हती. दादाभाई नौरोजी १८९२ मध्यें पार्लमेंटांत गेले ते लंडनमधील फिन्सबरीच्या मतदारांनीं निवडले म्हणून; हिंदुस्थानला तेथें स्वतःची जागा कधींच मिळाली नाहीं. गोव्यानें त्यापूर्वीं सत्तर वर्षें आपले प्रतिनिधि लिस्बनला पाठविले होते. मतदार मोजके होते, प्रतिनिधींचें ऐकणारेही मोजकेच. तथापि फ्रांसिस्कु लुईश गोमिश यांच्यासारखा गोमंतकीय वक्ता १८६१ पासून तेथें बोलत होता. ज्याला घरांत बसायला पाट मिळाला आहे, तो घर मोडण्याऐवजीं पंक्तीत वरची जागा मागतो. गोव्याच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांचें राजकारण शंभर वर्षें याच धर्तीचें होतें. त्याही आधीं, १७८७ सालीं, कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नांवानें ओळखला जाणारा कट झाला. त्यामागेंही मुख्य शल्य हेंच होतें कीं, येथील पाद्र्यांना बिशपांच्या आणि येथील शिपायांना वरच्या हुद्द्यांच्या जागा मिळत नाहींत. तो कट फुटला आणि पंधरा जणांना देहदंड झाला. कटवाल्यांनीं पोर्तुगीजांना घालवून देण्याचा बेत केला होता, हें विशेष. मात्र त्या बेताचा उगम अपमानित उमेदवारीत होता, हें विसरतां येत नाहीं.

सत्तरीच्या राण्यांचा मार्ग वेगळा. त्यांना लिस्बनच्या लोकसभेशीं कर्तव्य नव्हतें. त्यांचीं इनामें आणि मानपान यांना धक्का लागला कीं ते रानांत शिरत आणि बंदुका बाहेर काढीत. १८५२ सालीं दीपाजी राणे उठले आणि तीन वर्षें सरकारला त्यांनीं दम खाऊं दिला नाहीं. १८९५ च्या बंडाला निमित्त झालें तें मराठा शिपायांना आफ्रिकेंत मोझांबिकला जाण्याचा हुकूम मिळाल्याचें. राण्यांच्या शौर्याबद्दल शंका नाहीं. पण साष्टींतला वकील आणि सत्तरींतला राणे हे एकाच सत्तेवर रुष्ट असतांना एकमेकांच्या मदतीस गेले नाहींत; एकाचा रोष दुसऱ्याला कळण्यासारखाच नव्हता.

पुढें १९१० सालीं पोर्तुगालमध्यें राजशाही जाऊन प्रजासत्ताक आलें आणि एक विलक्षण गोष्ट घडली. राज्य आणि चर्च यांची फारकत झाली. त्यामुळें हिंदूंना सरकारी नोकरी, शिक्षण आणि सार्वजनिक जीवन यांचीं दारें प्रथमच मोकळीं झालीं. मराठी शाळा, वाचनालयें, नियतकालिकें यांना बहर आला. ज्या हिंदूंना पोर्तुगीजांचा द्वेष करण्याचें सर्वांत जास्त कारण होतें, त्यांच्याच एका पिढीला पोर्तुगीज प्रजासत्ताकाबद्दल कृतज्ञता वाटूं लागली. मात्र हा वसंत अल्पायुषी ठरला. १९२६ सालीं लिस्बनमध्यें लष्करानें सत्ता बळकावली, पाठोपाठ सालाझारचा उदय झाला, आणि १९३० च्या वसाहतविषयक कायद्यानें गोमंतकीयांना त्यांची पायरी स्पष्ट दाखवून दिली. समान नागरिक म्हणून शंभर वर्षें मिरविलेल्या माणसाला आपण वसाहतींतली प्रजा आहोंत असें सांगण्यांत आलें. त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनीं पणजीच्या कौन्सिलांत गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. मिनेझिश ब्रागांझा हे पोर्तुगीज विद्येंत मुरलेले साष्टींतील खानदानी गृहस्थ. असा माणूस उठला, कारण ज्या पंक्तीत जागा मागायची ती पंक्तीच उठविण्यांत आली होती. यापुढें लेखणीवर इतका कडक पहारा बसला कीं लग्नपत्रिकासुद्धां छापण्यापूर्वीं तपासून घ्यावी लागे.

एवढें झाल्यावर तरी मत एक व्हावयास हवें होतें. तें झालें नाहीं, याचें एक कारण घरांघरांतून सांपडतें. गोव्यांत उद्योगधंदा नव्हता. बारदेश-साष्टींतील कुटुंबांचा एक पाय मुंबईत असे. धोबीतलावाच्या आसपासच्या ‘कुडां’त गांवोगांवचे तरुण राहत, कोणी बोटीवर तांडेल, कोणी आचारी, कोणी बँडवाला, कोणी कारकून. कित्येक पूर्व आफ्रिकेंत पोंचले होते. घर पोर्तुगीज अंमलाखालीं आणि मनीऑर्डर इंग्रजी मुलखांतून, असा हा संसार. मुंबईतल्या भावाला वर्तमानपत्रें वाचून वाटे कीं आतां गोवाही मोकळा झाला पाहिजे. गांवांतल्या भावाला काळजी असे ती सरहद्द बंद पडली तर काय, याची. दोघेही एकाच चुलीवर जेवलेले आणि दोघेही आपापल्या जागीं बरोबर.

१८ जून १९४६ रोजीं मडगांवांत डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिश यांनीं भाषणबंदी मोडली, आणि चळवळ उघड्यावर आली. कुन्हा यांनीं १९२८ मध्येंच गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली होती. त्यांचें म्हणणें असें कीं गोमंतकीय हा हिंदी माणूस आहे आणि शिक्षणानें त्याला तें विसरावयास लाविलें आहे. त्यांना पकडून पोर्तुगालमध्यें पेनिशच्या किल्ल्यांत डांबण्यांत आलें. याउलट मडगांवचे वकील आंतोनियु ब्रुतु द कॉश्ता आणि त्यांचे सहकारी यांना सालाझारशाही नको होती, तसेंच विलीनीकरणही नको होतें. गोव्याला स्वतःचा कारभार मिळावा आणि पुढचें गोमंतकीयांनीं ठरवावें, अशी त्यांची मागणी. त्यांना पोर्तुगीजधार्जिणे म्हणून हिणविण्यांत आलें. तें न्याय्य नव्हतें. पांच-सहा लाख वस्तीचा मुलूख कोट्यवधींच्या देशांत गेल्यावर आपली भाषा, आपला कायदा, आपली रीत यांचें काय होईल, ही शंका घेण्यास माणूस देशद्रोहीच असावा लागतो असें नाहीं. शेजारच्या मुंबई राज्यांत १९४९ च्या कायद्यानें दारूबंदी आली होती. माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेराला त्या बातमीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल. गोव्याचे रीतिरिवाज सुरक्षित राहतील, असें आश्वासन पंडित नेहरूंना वारंवार द्यावें लागलें, तें याच कारणानें.

१५ ऑगस्ट १९५५ रोजीं हजारों सत्याग्रही निःशस्त्र सरहद्दीवर गेले आणि पोर्तुगीज गोळीबारांत कित्येक धारातीर्थीं पडले. त्यानंतर भारत सरकारनें सरहद्द बंद केली, कॅसलरॉकपलीकडची आगगाडी थांबली, पैसे पाठविण्याच्या वांटा बुजल्या. या नाकेबंदीनें पोर्तुगाल टेकीस येईल असा अंदाज होता. उलट झालें. लोखंडाच्या खाणींचा माल जपानला जाऊं लागला, बंदरांत परदेशीं माल स्वस्त मिळूं लागला, कांहीं व्यापाऱ्यांच्या हातांत कधीं नव्हे तो पैसा खेळूं लागला. आणि झळ पोंचली ती मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घरांना, म्हणजे ज्यांचा ओढा मुळांत हिंदुस्थानकडे होता त्यांना. नाकेबंदीचें धोरण आंखणाऱ्यांनीं गोव्याचा नकाशा पाहिला होता, पण गोव्याच्या घराचा जमाखर्च पाहिला नव्हता.

याच सुमारास घांटावर दुसरी एक घडामोड चालली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली; बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला आणि त्यांतला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यांत राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. मुंबईच्या कूळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला आणि कसणाऱ्या कुळाकडे जमिनीची मालकी येऊं लागली. घांटाखालीं, एका दिवसाच्या चालीवर, मुंडकार अजून भाटकाराच्या जमिनींत झोपडी बांधून त्याच्या मर्जीवर राहत होता. त्या मुंडकाराला ‘मुक्ति’ या शब्दाचा अर्थ पणजीच्या वाड्यावरचें निशाण बदलणें एवढाच वाटला असेल, हें संभवत नाहीं. निशाण बदलून भाटकार तोच राहणार असेल, तर त्याला त्यांत गोडी ती काय? आणि भाटकाराला नेमकी उलट चिंता.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्यानें गोवा घेतला आणि साडेचारशें वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. मग दडलेला प्रश्न उघड झाला. १९६३ च्या निवडणुकींत दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अधिकारावर आला. त्याच्या पाठीशीं मुख्यतः बहुजन समाज आणि कुळें होतीं, आणि महाराष्ट्रांत जाणें म्हणजे कूळकायदा येणें, असा त्यांचा सरळ हिशेब होता. विरुद्ध बाजूस डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. अखेर १६ जानेवारी १९६७ रोजीं लोकांचें मत घेण्यांत आलें. वेगळा केंद्रशासित प्रदेश राहावा या बाजूनें १,७२,१९१ मतें पडलीं आणि महाराष्ट्रांत विलीन व्हावें या बाजूनें १,३८,१७०. साष्टी, बारदेश, तिसवाडी यांचा कौल बव्हंशी विलीनीकरणाविरुद्ध गेला आणि पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडा यांचा बव्हंशी बाजूनें. १५१० आणि १७८८ यांमधली जुनी रेषा मतपेट्यांतून पुन्हां उमटली. परंतु त्या वेळीं गोव्यांत हिंदूंची संख्या सुमारें तीन-पंचमांश होती. केवळ धर्मावरून मतें पडलीं असतीं तर विलीनीकरण सहज मंजूर झालें असतें. तें नामंजूर झालें, याचा अर्थ हजारों हिंदूंनीं ख्रिस्ती शेजाऱ्याच्या बरोबरीनें वेगळेपणाला मत दिलें. त्यांत कोंकणीचा अभिमान बाळगणारे होते, मुंबईहून येणाऱ्या अंमलदारांची धास्ती घेतलेले कारकून होते, आणि पणजीचें सरकार आपल्या आवांक्यांतलें आहे, मुंबईचें नाहीं, असा सरळ विचार करणारे दुकानदारही होते.